कॅन्सरच्या उपचारांत चित्र काढणं : पहिल्यांदा सुरुवात करणाऱ्यांसाठी

चित्र काढल्यानं कॅन्सर बरा होत नाही आणि गाठही लहान होत नाही. कुणी तसं सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. हे आधी स्पष्ट केलं म्हणजे चित्रानं खरंच काय साधतं याबद्दल मोकळेपणानं बोलता येतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिकागोच्या रुग्णालयात दाखल असलेल्या ५० कॅन्सररुग्णांनी थेरपिस्टसोबत तासभर चित्रकाम केलं. त्याआधी आणि त्यानंतर दुखणं, थकवा, उदासी, घालमेल अशा नऊ तक्रारींची नोंद घेतली गेली. त्यांतल्या आठ कमी झाल्या, मळमळ मात्र तशीच राहिली. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावर फार मोठे दावे उभे करू नयेत. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात तुलना होती. त्यात कॅन्सर झालेल्या १११ स्त्रियांपैकी एका गटाला आठ आठवडे ध्यान आणि चित्रकला यांची जोड दिली आणि दुसऱ्या गटाला आपली पाळी येईपर्यंत वाट बघायला सांगितलं. पहिल्या गटाचा मानसिक त्रास लक्षणीय कमी झाला.

असं का होत असावं? कारणं बरीच सांगितली जातात. मला स्वतःला त्यातलं एक फार महत्त्वाचं वाटतं. उपचार सुरू झाले की माणसाच्या हातातले निर्णय एकेक करून जातात. सुई कुठल्या हाताला, आंघोळ कधी, भेटायला कुणी यायचं, काय खायचं, हे सगळं दुसरं कुणीतरी ठरवतं. कागदावर मात्र कुठला रंग घ्यायचा, रेघ कुठे थांबवायची, काढलेलं ठेवायचं की फाडायचं, हे तो माणूस ठरवतो. पुढे साहित्यापासून बोलण्यापर्यंत ज्या सूचना दिल्या आहेत त्यांचा उद्देश हा एवढाच आहे. तुम्ही नातेवाईक असाल, वॉर्डात जाणारे स्वयंसेवक असाल किंवा स्वतः रुग्ण असाल, कुठल्याही टप्प्यावर अडलात तर हा निर्णय रुग्णाचाच राहतोय ना, एवढं तपासा.

थेरपी वेगळी आणि सोबत वेगळी

‘आर्ट थेरपी’ हा शब्द ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ साली वापरात आणला. क्षयरोगामुळे ते सॅनेटोरियममध्ये होते. तिथे अंथरुणावरून चित्रं काढताना मनाला उभारी येते हे त्यांच्या लक्षात आलं आणि मग त्यांनी इतर रुग्णांनाही चित्रं काढायला लावलं. आज आर्ट थेरपी हा स्वतंत्र व्यवसाय आहे. ब्रिटनमध्ये नोंदणी केल्याशिवाय स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवून घेता येत नाही. थेरपिस्टला मानसशास्त्राचं प्रशिक्षण असतं, आणि चित्रातून वर येणारं दुःख, भीती, जुन्या जखमा हाताळायला तो शिकलेला असतो.

घरी किंवा वॉर्डात तुम्ही जे करणार आहात ती सोबत आहे. तिचीही किंमत मोठी आहे, फक्त तिची मर्यादा ओळखून राहा. रुग्णालयात आर्ट थेरपिस्ट किंवा समुपदेशक असेल तर आधी त्यांना भेटा.

आधी पाच मिनिटं नर्सशी बोला

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या सगळ्यांत खाली जाते. औषधानुसार हे दिवस मागेपुढे होतात, म्हणून नक्की दिवस विचारून घ्या. या काळात वॉर्डातली सगळ्यांनी हाताळलेली रंगपेटी वापरू नका. ओली माती, वाळकी पानंफुलं, ब्रश बुडवून ठेवलेलं शिळं पाणी यांतून जंतुसंसर्ग होऊ शकतो. रुग्णाची स्वतःची छोटी पेटी असावी आणि ती पुसून ठेवता यावी.

रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट कमी असतील तर ब्लेड, कटर, टोकदार कात्री बाजूला ठेवा. पेन्सिलींना टोक आधीच करून आणा. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसीका गाठी (लिम्फ नोड) काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याची शक्यता असते. त्या हाताला साधं खरचटलं तरी संसर्ग होऊ शकतो, म्हणून तो जपायचा, आणि एकाच स्थितीत फार वेळ लटकत ठेवायचा नाही. मांडीवर उशी, उशीवर पॅड ठेवलं की कोपराला टेकू मिळतो.

औषधाचं नावही विचारा. पॅक्लिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टीन, ऑक्सालिप्लाटिन यांसारख्या औषधांनी बोटांना मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, पकड सुटते. ऑक्सालिप्लाटिन घेतल्यावर काही दिवस गार वस्तूचा स्पर्शही झोंबतो. अशा वेळी धातूचं पेन किंवा गार पाण्यात बुडवायचा ब्रश देऊ नका. हे माहीत नसेल तर रुग्णानं पेन टाकून दिलं की आपल्याला वाटतं, त्याला यात रस नाही.

थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडिन घेतलेल्यांना काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. एकटेपणाच्या त्या दिवसांत कागद-रंग फार उपयोगी पडतात. पण घाम आणि लाळ यांमुळे खोलीतल्या वस्तूंना किरणोत्सर्ग लागू शकतो, त्यामुळे तिथलं साहित्य बाहेर आणता येईलच असं नाही. मागे ठेवावं लागलं तर वाईट वाटणार नाही असंच साहित्य न्या, आणि चित्राचं काय होणार हे आधीच विचारून रुग्णाला सांगा.

साहित्य कमीच बरं

सुरुवातीला माझी पसंती तेलखडूंना आहे. ते जाड असतात, त्यांना टोक करावं लागत नाही, पाणी लागत नाही, भुकटी उडत नाही आणि हलक्या दाबानंही भरपूर रंग उमटतो. हाताला रंग लागतो एवढीच अडचण, म्हणून ओला रुमाल जवळ ठेवा. ज्यांना रंग म्हटलं की लहान मुलांचं काम वाटतं, त्यांना साधं जेल पेन द्या. आयुष्यभर लिहिण्याचं काम केलेली माणसं पेनानं लवकर मोकळी होतात.

उग्र वासाचे मार्कर आणि टर्पेंटाइन लागणारे तैलरंग आजाऱ्याच्या खोलीत नकोत. केमोच्या काळात वास फार तीव्र वाटतात. शिवाय केमोच्या वेळी आलेला वास मळमळीशी जोडला जातो आणि पुढे नुसत्या त्या वासानंही पोटात ढवळू शकतं. ज्याला आपले रंग मनापासून आवडतात अशा माणसाचे वासाचे रंग तर केमोच्या दिवशी मुळीच नेऊ नका, नाहीतर ते त्याला नकोसे होऊ शकतात. कोळसा आणि भुसभुशीत पेस्टल यांची धूळ उडते. खोकला असेल, तोंडात फोड आले असतील तर ती त्रास देते. जलरंग चांगल्या दिवसासाठी राखून ठेवा. घट्ट झाकणाच्या बाटलीत थोडं पाणी घ्या, ते दर वेळी बदला, आणि ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय असेल तर ती मोडा.

कागद जाडसर आणि लहान घ्या, पोस्टकार्डाएवढा किंवा त्याच्या दुप्पट. मोठा कोरा कागद निरोगी माणसालाही बिचकवतो, आणि तो भरता भरता दमायलाही होतं. पॅडवर कागद ठेवून चारही कोपरे कागदी टेपनं चिकटवा. एका हाताला सलाईन असेल तर त्या हातानं कागद धरता येत नाही, तो सरकत राहतो, आणि दोन मिनिटांत माणूस कंटाळून सोडून देतो. टेपच्या चार तुकड्यांनी हा सगळा वैताग वाचतो. पकड सैल असेल तर खडूभोवती किंवा पेनाभोवती स्पंजची पट्टी किंवा क्रेप बँडेजचे दोन वेढे गुंडाळा. खोडरबर आपणहून पुढे ठेवू नका. तो दिसला की चुका शोधणं सुरू होतं. मागितला तर मात्र लगेच द्या.

हात साथ देत नसेल तर साधन बदलायचं, चित्र सोडायचं नाही. १९४१ साली फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांच्यावर आतड्याच्या कॅन्सरची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांचा बराच काळ अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत गेला. सहायक कागद रंगवून देत आणि मातीस ते कात्रीनं कापून आकार करत. कागद कुठे चिकटवायचा हे तेच सांगत. लांब काठीच्या टोकाला कोळसा बांधून ते अंथरुणातून भिंतीवरही रेखाटत. मदत घेऊनही निर्णय स्वतःकडे कसा ठेवायचा, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. कात्री चालणार नसेल तर रंगीत कागद हातानं फाडून चिकटवले तरी चालतं.

वेळ कुठली धरायची

रुग्णाला दिवसात कधी जरा बरं वाटतं ते दोन-तीन दिवस बघा आणि ती वेळ धरा. पंधरा-वीस मिनिटं पुरे. दमल्यावर थांबण्यापेक्षा दमण्याआधी थांबलेलं बरं, पुन्हा बसावंसं वाटतं. केमोआधी दिल्या जाणाऱ्या ॲलर्जीच्या औषधानं गुंगी येते. तेव्हा चित्राच्या मध्येच डोळा लागला तर हातातला खडू हळूच काढून घ्या, चित्र तसंच राहू द्या. याउलट केमोसोबत दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे काही रात्री झोपच येत नाही. अशा रात्रींसाठी पॅड आणि दोन-तीन खडू उशाशी, हात पोचेल असे ठेवा. मध्यरात्री कुणाला उठवून मागावं लागू नये.

पहिली बैठक

‘काहीतरी छान काढा’ असं म्हणू नका. ‘मला चित्र येत नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं, आणि शाळा सुटल्यापासून हातात रंग न घेतलेल्या माणसाचं ते अगदी खरंही असतं. चित्र येणं-न येणं याचा प्रश्नच उद्भवणार नाही असं काम द्या.

दोन खडू पुढे ठेवा, अख्खी पेटी नको. केमोच्या काळात लक्ष लागत नाही, बारा रंगांतून एक निवडणंही जड जातं. ‘यातला कुठला घेऊ या?’ एवढंच विचारा. मग सांगा, ‘डोळे मिटा आणि हात कागदावर जाईल तिकडे जाऊ दे.’ अर्धा मिनिट नुसतं गिरगटायचं. डोळे उघडले की कागद चारही बाजूंनी फिरवून बघायचा. त्या गुंत्यात एखादी चोच, टेकडी, चपलेचा अंगठा दिसला तर ती रेघ ठळक करायची. काहीच दिसलं नाही तर रेघांमुळे तयार झालेले कप्पे हवे तसे रंगवायचे.

एका काकांच्या उजव्या हाताला सुई होती, म्हणून त्यांनी डाव्या हातात निळा खडू घेतला. रेघ थरथरत गेली, कागदाच्या कडेला धडकून परत फिरली. डोळे उघडल्यावर ते बराच वेळ नुसते बघत राहिले. मग एकेक कप्पा भरायला लागले, सावकाश, कडेला रंग जाऊ न देता. मधला सगळ्यांत मोठा कप्पा राहिला, तेव्हा मुलीनं हिरवा खडू पुढे केला. ‘नाही,’ काका म्हणाले, ‘हा मी मोकळाच ठेवणार आहे.’ त्या आठवड्यात त्यांनी इतक्या ठामपणे कशालाच नकार दिला नव्हता, असं मुलगी नंतर म्हणाली. ती खडू मागे घेऊन गप्प बसली, हे तिनं फार चांगलं केलं.

कुठल्या दिवशी काय

स्कॅन झालाय, रिपोर्ट यायचाय, अशा दिवसांत मोकळा कागद अंगावर येतो. तेव्हा ठरलेल्या आकृतीचा आधार घ्या. वर्तुळात वर्तुळं, चौकटी, एकसारख्या पाकळ्या, असं हात आपोआप चालेल असं काही. २००५ सालच्या एका प्रयोगात ८४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी गोल मंडलाकृती किंवा चौकड्यांची नक्षी रंगवली त्यांची घालमेल, कोऱ्या कागदावर मनाला येईल ते रंगवणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाली. ते रुग्ण नव्हते हे खरं, पण रिपोर्टची धास्ती घेतलेल्या माणसाच्या बाबतीतही हे करून बघण्यासारखं आहे.

दुखत असेल त्या दिवशी शरीराची साधी बाह्यरेषा काढून द्या. कुठे दुखतंय, कुठे जळजळतंय, कुठे बधिर आहे ते त्यांनी रंगानं दाखवायचं. हा कागद, त्यांची हरकत नसेल तर, डॉक्टरांना दाखवा. तोंडी सांगताना जे निसटतं ते इथे नेमकं दिसतं.

अगदीच त्राण नसेल तर रोज रंगाचा एकच पट्टा. आजचा दिवस कुठल्या रंगाचा, एवढंच.

बोलावंसं वाटत नाही, किंवा तोंडाच्या वा घशाच्या शस्त्रक्रियेमुळे बोलता येत नाही, तेव्हा दोघांचा खेळ खेळा. तुम्ही एक वेडीवाकडी रेघ ओढायची, त्यांनी तिचं काहीतरी करायचं, मग त्यांची रेघ आणि तुमची पाळी. डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ मुलांशी बोलण्यासाठी हाच खेळ वापरायचे, आणि मोठ्यांमध्येही तो छान रंगतो. फक्त ‘पाणी हवंय’, ‘उशी सरकव’ हे लिहायची वही वेगळी ठेवा. चित्राच्या पानावर कामाचे निरोप नकोत.

एक चित्र मात्र मुद्दाम काढायला लावू नका, असं माझं ठाम मत आहे. पांढऱ्या पेशी कॅन्सरला खाऊन टाकताहेत असं चित्र काढा, म्हणजे तसंच घडेल, असा सल्ला गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून फिरतो आहे. अशा कल्पनेनं आयुष्य वाढतं याला पुरावा नाही. शिवाय आजार बळावला तर ‘माझीच इच्छाशक्ती कमी पडली’ हा दोष रुग्ण स्वतःला लावून घेतो. त्यांना आपणहून तसं काढावंसं वाटलं तर खुशाल काढू द्या.

बघताना काय बोलायचं

‘वा, किती सुंदर!’ हे आपल्या तोंडातून सहज निघतं. पण एकदा सुंदर म्हटलं की पुढचं चित्रही सुंदर व्हायला हवं, असा भार त्यांच्यावर येतो, आणि रागाचं, घाणेरडं, वेडंवाकडं काही काढायची मुभा जाते. त्यापेक्षा विचारा, ‘याच्याबद्दल काही सांगावंसं वाटतंय?’ नाही म्हणाले तर विषय तिथेच सोडा.

चित्राचा अर्थ लावू नका. काळा रंग वापरला म्हणजे मरणाचा विचार, खिडकी नसलेलं घर म्हणजे एकटेपणा, असलं काही नसतं. काळा खडू कदाचित सगळ्यांत जवळ असेल. त्यांच्यामागे नातेवाइकांमध्ये चित्राची चर्चाही नको. आपण काढलेलं तपासलं जातंय हे कळलं की माणूस जपून काढायला लागतो, आणि मग त्यात अर्थ उरत नाही.

चित्र वाचू नका असं म्हटलं, तरी हाताकडे लक्ष असू द्या. हात अचानक कापायला लागला, एका बाजूची पकडच गेली, कागदाचा एक अर्धा भाग दर वेळी कोरा राहायला लागला, तर ते त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. हे शरीराचे बदल आहेत, मनाचे अर्थ नव्हेत, आणि ते मेंदूशी किंवा औषधाशी संबंधित असू शकतात.

काढता काढता रडू आलं तर घाबरू नका. चित्र काढून घेऊ नका, विषय बदलू नका, ‘रडायचं नाही’ म्हणू नका. शेजारी बसा. बहुतेक वेळा रडणं ओसरतं आणि हात पुन्हा कागदाकडे जातो. पण दोन आठवडे उदासी हटतच नसेल, जेवण-झोप, माणसं सगळंच नकोसं झालं असेल, तर समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ हवेत. ‘जगून काय करू’ अशी भाषा तोंडी किंवा कागदावर आली तर एक दिवसही थांबू नका, आणि त्यांना एकटं सोडू नका. अशा वेळी चित्रांच्या भरवशावर राहणं धोक्याचं आहे.

चित्रं कुणाची

त्यांची. विचारल्याशिवाय फोटो काढू नका आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, कौतुकानंही नाही. रुग्णालयात प्रदर्शन लावायचं असेल तर लेखी संमती घ्या, आणि त्यावर नाव हवं की नको हेही विचारा. त्यांना चित्र फाडायचं असेल तर फाडू द्या. कचऱ्यातून तुकडे काढून जपून ठेवू नका. जी ठेवायची आहेत त्यांच्या मागे तारीख घाला आणि एका फाइलमध्ये ठेवा. तेलखडूचा रंग दुसऱ्या पानाला लागतो, म्हणून मध्ये बटर पेपर घाला.

त्यांच्या शेजारी बसून तुम्हीही स्वतःच्या कागदावर काढा. नुसतं बघत बसलेल्या माणसासमोर काढणं अवघड जातं, आणि आजाऱ्याची काळजी घेणाऱ्यालाही या पंधरा मिनिटांची तितकीच गरज असते. त्यांच्या कागदावर मात्र हात लावू नका, रेघ सरळ करून द्यायलाही नाही.

कधी ‘आज नको’ असं उत्तर येईल, कधी आठवडाभर येईल. त्याचं कारण विचारत बसू नका आणि ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ असा आग्रहही धरू नका. गोळ्या, सुया, तपासण्या यांना नाही म्हणता येत नाही, इथे म्हणता येतं. पुन्हा कधी विचारू, एवढं त्यांनाच विचारून घ्या.